आवाजामागची खोली

विमलअक्कांची आणि माझी ओळख फोनवर झाली, आणि त्या फोनवर आम्ही दोघंही जवळजवळ काहीच बोललो नाही.

तेव्हा मी जळगावात एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर राहत होतो. दुपारची जेवणं नुकतीच झाली होती. अनोळखी नंबर आला. पलीकडे एका बाईंचा घोटीव, स्वच्छ आवाज होता. "ॲपच्या दुरुस्तीचा प्रस्ताव आपणच टाकलाय ना? मी धुळ्याहून बोलते. आता कृपा करून काही बोलू नका. फोन कानाला धरा आणि गप्प बसा." मी विचारलं, कशासाठी? त्या म्हणाल्या, "बोललात." मग मी बसलो गप्प. खाली गिरणीचा पट्टा फटफटत होता, दळणाला आलेली कोणी बाई गिरणीवाल्याशी हुज्जत घालत होती, आत बायको भांडी लावत होती. फोनमधून काहीच येत नव्हतं, पण ती शांतता रिकामी नव्हती. तिकडे कोणी तरी जीव कानात आणून माझं घर ऐकत होतं. माझ्या अंगावर भरदुपारी काटा आला. मग तोच आवाज एकदम घरगुती होऊन म्हणाला, "माणूस शे," म्हणजे माणूस आहे, आणि फोन बंद झाला. त्याच आठवड्यात माझ्या प्रस्तावावर धुळ्याहून एक 'हो' पडला.

प्रस्ताव कसला, हे सांगायला हवं. एका आभासी चलनाचं जाळं आहे. नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं की लोक पुढचं न ऐकता भाव विचारतात. ह्या चलनाला मालक नाही, बँक नाही, कचेरी नाही. मग त्याची डागडुजी करणाऱ्यांचं पोट कसं चालायचं? तर दर महिन्याला जी नवी नाणी तयार होतात, त्यातला एक वाटा सामाईक पेटीत पडतो. ज्याला जाळ्यासाठी काही काम करायचं असेल त्याने प्रस्ताव मांडायचा. ज्यांनी आपली नाणी अडकवून ठेवून स्वतःचं एक यंत्र ह्या जाळ्याला अखंड जोडून ठेवलंय, ते सभासद त्यावर 'हो' किंवा 'नाही' म्हणतात. एका यंत्राला एक मत. पुरेसे 'हो' पडले की पेटी आपोआप उघडते. मी जळगावात बसून त्या चलनाचं मोबाइल ॲप नीट ठेवत असे आणि माझी चूल त्या मतांवर पेटत असे. माझे सासरे एरंडोलचे. जावई मतांवर जगतो हे कळल्यापासून ते मला पुढारीच समजत, आणि पुढाऱ्याला द्यावा तेवढाच मान देत.

बाकीचे सभासद प्रस्ताव वाचायचे, खर्चाला नाकं मुरडायचे, एकमेकांशी वाद घालायचे. अक्का ह्यातलं काही करत नसत. त्या प्रस्ताव मांडणाऱ्याला फोन लावत आणि त्याला गप्प बसवत. परदेशातल्या माणसाला त्यांच्या ठेवणीतल्या इंग्रजीत "प्लीज डू नॉट स्पीक, होल्ड द लाइन" असं ऐकू येई. काही जण वैतागून फोन ठेवून देत, त्यांना 'नाही' पडे. जे धीराने बसत, त्यांच्या खिडकीबाहेरचा पाऊस, त्यांची मुलं, त्यांचा कुत्रा असं सगळं अक्का ऐकून घेत आणि मग निकाल देत. आमच्या मंडळींत त्यांना 'धुळ्याची शांत बाई' म्हणत. पुष्कळांना वाटे की हे कोणी तरी मुद्दाम रचलेलं सोंग आहे.

सोंग नव्हतं. पुढे मी पारोळ्यावरून जाणारी बस पकडून त्यांना भेटायला गेलो. धुळ्याच्या देवपुरातलं साधं घर, पुढे तुळस नाही की जास्वंद नाही, नुसती स्वच्छ झाडलेली फरशी. अक्का ठेंगण्या, अंगाने चिवट, डाव्या कानावरचे केस कायम मागे सारलेले. टेलिफोन खात्यात ट्रंक लाइनवर त्यांनी उभी नोकरी केली होती, आणि ऐकायचं ते डाव्या कानाने, ही सवय अंगात मुरली होती. आपण बोलायला लागलो की त्या डावा कान पुढे करत, त्यामुळे त्यांचं तोंड भिंतीकडे होई. पहिल्या भेटीत मला वाटलं, बाईंना माझा राग आलाय. मी उठायला लागलो तेव्हा त्यांनी भिंतीकडेच बघत सांगितलं की कळण्याची भाकरी तव्यावर आहे, शेवभाजी झाली आहे, तेव्हा जेवल्याशिवाय हलायचं नाही. मी पूर्वी कॉम्प्युटरचे क्लास घेत होतो हे कळल्यावर मी त्यांचा 'मास्तर' झालो, तो शेवटपर्यंत.

फोनवर त्या पुस्तकी मराठी बोलत आणि घरात अहिराणी. दोन बायका एका अंगात राहाव्यात तशा त्या बोलीबोलीत बदलून जात. ऐकण्याचं त्यांचं शास्त्र एका वाक्यात मावत होतं. "आवाज खोटं बोलस, मास्तर. मांगली खोली खोटं बोलत नही." माणूस आवाज कमावतो, लाडावतो, पण त्याच्या पाठीमागची खोली काही त्याच्या हातात नसते, असं त्यांचं म्हणणं. आणि मताबद्दल त्या म्हणत, "मत म्हनजे लाइन जोडी देनं. जोडी दिधी का बाजूले सरकानं." मत दिल्यावर त्या कधी हुज्जतीत पडल्या नाहीत. कोणाची भलामण केली नाही, कोणाची निंदाही नाही.

त्या नेहमी बरोबर असत असं मात्र नाही. युरोपातल्या एका सज्जन माणसाला त्यांनी 'नाही' दिला, कारण त्याच्या मागे खोलीच नव्हती. ना पंखा, ना रस्ता, काही नाही. अक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत. पुढे त्या गृहस्थाने फार नम्रपणे कळवलं की तो गाणी ध्वनिमुद्रित करतो आणि त्याच्या भिंतींना जाड अस्तर आहे. अक्कांनी 'नाही'चा 'हो' केला आणि मला म्हणाल्या की तो बिचारा धरणगावच्या जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगात बसून बोलला असता तरी मला असंच वाटलं असतं. हसल्या. पण दुसरा एक जण होता, त्याच्याबद्दल त्या कधी हसल्या नाहीत. तो गप्प बसला तेव्हा त्याच्या श्वासाबरोबर आणखी एक श्वास चालला होता, अगदी फोनाजवळ. कोणी तरी त्याला सांगत होतं आणि तो बोलत होता, असं अक्कांचं मत. खरं काय ते आम्हाला कधीच कळलं नाही. त्याने पुन्हा प्रस्ताव मांडला नाही.

साक्रीची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. नोकरीतल्या एका पावसाळ्यात वादळाने साक्रीच्या रस्त्यावरचे खांब आडवे झाले होते. लाइन तुटलेली, तारा चिखलात. दुपारच्या पाळीला अक्का लाइन जोडायच्या फळ्यासमोर बसल्या होत्या आणि साक्रीची झडप खट्‌कन पडली. म्हणजे तिकडून कोणी तरी जोडून मागतंय. त्यांनी पिन घातली आणि सवयीने नंबर विचारला. उत्तर नाही. पण मागे खोली होती. घड्याळ होतं, लाकडी बाक करकरत होतं, आणि कोणी तरी वाट बघत होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, दुसऱ्या तारेतून आलं असेल, असं होतं कधी कधी. अक्कांनी पिन काढली नाही. पाळी संपेपर्यंत त्या ती वाट बघणारी शांतता ऐकत बसल्या, आणि उठताना पुढच्या बाईला सांगून गेल्या की साक्रीवर कोणी आहे. मी विचारलं, अक्का, भीती नाही वाटली? त्या म्हणाल्या, भीती त्यालाच वाटत असेल, मी तर ऑफिसात होते.

आता हेमंतबद्दल. हेमंत हा अक्कांचा एकुलता मुलगा. नवरा फार लवकर गेला होता, पोराला त्यांनी पाळ्या करून वाढवलं. हा मुलगा ह्या चलनाच्या पहिल्या काही लोकांपैकी होता. धुळ्याच्या घराच्या मागच्या खोलीत बसून जगभरच्या बैठकांत बोलायचा आणि ऐकणारे त्याचा शब्द मानायचे. सोनगीरच्या किल्ल्याखाली हमरस्त्यावर त्याची मोटरसायकल ट्रकखाली आली. त्याने नाण्यांची किल्ली, म्हणजे ती लांबलचक गुप्त खूण, कोणालाही सांगितली नव्हती. ती त्याच्याबरोबर गेली. पण मताची किल्ली वेगळी असते. हेमंत फिरतीवर असला की मत द्यायची मुदत विसरायचा, म्हणून ती किल्ली त्याने आईला देऊन ठेवली होती आणि मत कसं द्यायचं तेही शिकवलं होतं. अशी चूक आमच्याच धंद्यातली माणसं करू जाणोत. तिजोरीची किल्ली कोणालाच द्यायची नाही आणि मताची मात्र आईच्या पिशवीत.

तर अक्कांना मुलाचा वारसा म्हणून मिळालं ते एवढंच. नाणी सगळ्या जगाला दिसतात, पण ती आता कोणालाही हलवता येणार नाहीत. हलतं ते फक्त मत. मागच्या खोलीत हेमंतचं यंत्र बारीक घरघर करत चालूच होतं. अक्का रोज त्यावरची धूळ पुसत. मत त्या स्वतःचं म्हणून देतच नव्हत्या. म्हणायच्या, "मी त्यानी जागा राखस."

अक्का गेल्या हिवाळ्यात गेल्या. झोपेतच गेल्या, कोणाला त्रास दिला नाही. नाशिकहून त्यांचा भाचा आला, त्याने घर आवरलं आणि मागच्या खोलीतल्या यंत्राची वायर काढली. जाळ्यातल्या यंत्रांच्या एकूण आकड्यातून एक कमी झाला. एवढ्या मोठ्या जगात ते फक्त माझ्या लक्षात आलं असेल. मी त्या दिवशी काम केलं नाही. आई गेली तेव्हाही मी इतका गप्प झालो नव्हतो, हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

मला सांगायची आहे ती त्याआधीची गोष्ट.

आमच्या जाळ्याचा एक नियम आहे. प्रस्ताव मंजूर व्हायला एकूण यंत्रांच्या ठरावीक हिश्शाइतके 'हो' लागतात. आता ह्या एकूण यंत्रांत मेलेल्यांचीही यंत्रं असतात. कुठल्या कुठल्या देशांत बंद खोल्यांतून ती चालू आहेत. मालक गेला, घरच्यांना ते यंत्र कसलं हे माहीत नाही, विजेचं बिल खात्यातून परस्पर कापलं जातंय. ही माणसं मोजली जातात, पण मत देत नाहीत. वर्षागणिक त्यांची संख्या वाढत चालली होती. चांगले प्रस्ताव थोडक्यात पडायला लागले. माझाही एकदा पडला, आणि त्या महिन्यात सासऱ्यांनी माझ्याकडे निवडणूक हरलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. आम्ही बैठकांत थट्टेने म्हणायचो की विरोधी पक्ष स्मशानात बसलाय. थट्टा झाल्यावर कोणी फारसं हसत नसे.

ह्यावर इलाज म्हणून एका कंपनीने प्रस्ताव मांडला. गेलेल्या सभासदांची जुनी मतं आणि त्यांचं लिखाण सगळं जाळ्यावर आहेच, बैठकांतली त्यांची भाषणंही साठवलेली आहेत. त्यातून प्रत्येकाची एक प्रतिकृती घडवायची. ती त्याच्यासारखा विचार करील, त्याच्या आवाजात बोलेल आणि त्याच्या यंत्राचं मत देईल. घरच्यांकडे मताची किल्ली असेल तर त्यांनी ती तिच्या हवाली करायची. ज्यांच्याकडे नसेल त्यांचं काय करायचं, ते पुढे बघू. आणि हे सगळं कसं दिसेल हे दाखवायला त्यांनी नमुना तयार केला तो हेमंतचा. कारण त्याची भाषणं सर्वांत जास्त होती, आणि त्याची किल्ली धरून बसलेली आई हयात होती.

कंपनीची पुण्याची एक मुलगी ह्या कामावर होती. गोड बोलायची आणि मनाने वाईट नव्हती. तिने अक्कांना एक नंबर दिला. मत द्यायची मुदत संपेपर्यंत ह्या नंबरवर केव्हाही फोन करा, तुमच्या मुलाशी बोला, मग ठरवा. मला तिने कौतुकाने सांगितलं की आवाजामागे त्यांनी हेमंतची खरी खोलीही घातली आहे, जुन्या बैठकांच्या ध्वनिमुद्रणातून उचलून. नुसत्या शांततेने लोक घाबरतात, ती म्हणाली.

पहिल्या फोननंतर अक्कांनी मला सांगितलं की आवाज हुबेहूब आहे, फक्त पोरगा पुण्याला शिकायला गेल्यासारखा शुद्ध बोलतो. मी सुटकेचा निःश्वास टाकला. वाटलं, बाईंनी ओळखलं, संपलं. पण त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन केला, आणि तिसऱ्या दिवशीही. त्या आवाजाला त्यांचं बोलणं ऐकून शिकायची सोय होती. बघता बघता तो अहिराणी बोलायला लागला. 'माय' म्हणायला लागला. मी एकदा धुळ्याला गेलो तर अक्का जेवणावरून उठून त्याच्याशी बोलत होत्या आणि पलीकडून जे येत होतं त्यात हेमंतपेक्षा त्यांचेच शब्द जास्त होते. त्यांचीच म्हण तो त्यांना ऐकवत होता आणि त्या खुशीत मान डोलवत होत्या. मला आत जाववेना. मी ओट्यावर बसून राहिलो.

दुसरी एक गोष्ट मला सलत होती. साऱ्या जगाला गप्प बसवणारी ही बाई त्या आवाजाला गप्प बसू देत नव्हती. तो थांबला की ह्या लगेच काही तरी विचारत. जेवलास का, ऊन आहे का, ते तुझं दुखणं कसं आहे. थोडीसुद्धा फट ठेवत नसत. त्या महिन्यात त्यांनी बाकी कोणालाच फोन केला नाही, माझ्या प्रस्तावावरही मत पडलं नाही. मी काही विचारलं नाही. काय विचारणार? माणसाला आपला मेलेला मुलगा बोलताना ऐकू येत असेल तर त्याला नियम सांगायला मी कोण? पण घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो की अक्का आता 'हो' म्हणणार, आणि त्या 'हो' म्हणाल्या की बाकीचेही म्हणतील. शांत बाईने ऐकून दिलेलं मत आहे म्हटल्यावर कोण शंका घेईल? किल्ली हेमंतच्या हवाली होईल. मग जागा राखायला कोणी लागणार नाही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. फोनवरची शुद्ध मराठी. "मास्तर, आज या. एकटीने ऐकायची हिंमत नाही." मी मिळेल ती बस पकडली.

अक्का मागच्या खोलीत बसल्या होत्या. यंत्र चालू होतं, वरचा पंखा फिरत होता आणि प्रत्येक फेऱ्याला कट्ट करून वाजत होता. स्वयंपाकघर कडी घालून बंद होतं, सकाळपासून त्यांनी काही शिजवलेलं नव्हतं. मी समोर बसल्यावर त्यांनी फोन लावला आणि मलाही ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

तो बोलला. जिवंतपणी मी हेमंतला बैठकांत ऐकलं होतं, त्यामुळे मला घाम फुटला. आधी त्याने आईची चौकशी केली. मग त्यांनी विचारलं की तुझं मत काय, मी काय करू? तो अगदी हेमंतच्या पद्धतीने, एक एक मुद्दा सोडवत बोलला. जे मोजले जातात त्यांना बोलता आलं पाहिजे, नाहीतर मोजू नये. जाळं अडून बसलंय. माय, तू 'हो' दे, मग तुले त्रास नही. मुद्दे खोटे नव्हते. मी स्वतः वाद घातला असता तर हेच म्हणालो असतो.

अक्कांनी डावा कान फोनाजवळ नेला. त्यांचं तोंड भिंतीकडे झालं.

"हेमंत," त्या म्हणाल्या, "आते बोलू नको. जरासा गप ऱ्हाय."

तो गप्प झाला. आज्ञाधारकपणे, लगेच.

आधी पंखा ऐकू आला. कट्ट, कट्ट. मला वाटलं वरचाच. मग कळलं की दोन पंखे वाजताहेत, एक आमच्या डोक्यावर आणि एक फोनमध्ये, आणि त्यांचा ठेका एकमेकांना थोडासा चुकत होता. आम्ही बसलो होतो तीच खोली फोनच्या आतही होती. बाहेरून एक स्कूटर गेली, कुकरची शिट्टी झाली. आणि मग लांबून, स्वयंपाकघरातून, एका बाईची हाक आली.

"हेमंत, जेवाले ये रे. भाकर थंडी व्हई ऱ्हायनी."

मी चटकन स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. कडी तशीच होती. अक्का माझ्यासमोर ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. हाक त्यांचीच होती, पण काही वर्षांपूर्वीची, कामाच्या घाईतली, थोडी चिडकी. पुन्हा पंखा. पुन्हा ती स्कूटर, ती शिट्टी. पुन्हा हाक, तीच, त्याच सुरात. कंपनीने खोलीचा एक तुकडा कापून आवाजामागे फिरता ठेवला होता, आणि त्या तुकड्यात ती अडकली होती. मला फोन बंद करायचा होता. मी हात पुढे केला तर अक्कांनी तो धरला. त्यांचा हात गार होता.

त्या ऐकत राहिल्या. मग फोनला म्हणाल्या, "हेमंत, तुले आयकू येस का?"

"काय, माय?" तो म्हणाला. "माले ते काहीच आयकू येत नही."

तो बोलत असतानाच त्याच्या मागे ती पुन्हा हाक मारून गेली.

अक्कांनी डोळे मिटले. आवाज मात्र कापला नाही. "कवयनी ती तुले बोलाई ऱ्हायनी," त्या म्हणाल्या. "ऊठ. जाय, जेवी ले."

"हो माय," तो म्हणाला. आणि तिथेच बसून राहिला, कारण दुसरं काही त्याला करता येत नव्हतं. पंखा वाजत होता, स्कूटर गेली. शिट्टी व्हायच्या आत अक्कांनी लाइन कापली.

मग त्यांनी हेमंतचं मत नोंदवलं. 'नाही'. हात एकदाही थांबला नाही. माझ्या प्रस्तावावरचं राहिलेलं मतही त्यांनी तेव्हाच देऊन टाकलं. मी रडत होतो हे मला उशिरा कळलं. अक्का रडल्या नाहीत. कंपनीचा प्रस्ताव त्या महिन्यात पडला. नंतर पुष्कळांनी त्यांना कारण विचारलं आणि त्यांनी ते कोणालाही सांगितलं नाही, कारण मत दिल्यावर बाजूला सरकायचं असतं. मला त्यांनी तिथेच, फोन पालथा ठेवत सांगितलं.

"तो तठे शे का नही, माले नही समजनं, मास्तर. पन मी तठे शे. तिले एकलीले कितला दिन बोलावत ठेवू?"